आधी आकडा सांग

खैरनार मॅडम मटाराची शेंग कधी नुसती सोलत नसत. शेंग दोन बोटांत धरायची, खिडकीच्या उजेडाकडे करायची, अंगठ्याने हलकेच चाचपायची आणि म्हणायचं, "सात." मग सोलायची. आत सहाच दाणे निघाले की त्यांचा चेहरा खुलायचा. सात निघाले तर त्या सरळ पुढची शेंग उचलायच्या.

मला हे उलटं वाटायचं. अंदाज बरोबर आला की माणसाला बरं वाटतं, चुकला की वाईट. एकदा डबा खाताना मी तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आलं म्हणजे मला माहीत होतं तेवढंच आत होतं. चुकलं म्हणजे काहीतरी नवीन कळलं. ही शेंग बाहेरून भरलेली दिसते आणि शेंड्याकडे पोकळ आहे, हे सात म्हटल्याशिवाय मला कळलं असतं का? मी नुसती सोलून खाऊन टाकली असती."

तेव्हा मला ती एक गंमत वाटली. त्या गमतीवरच त्यांचं सगळं काम उभं होतं, हे कळायला वर्ष गेलं.

मी मूळची सिन्नरची. वडील सिन्नर-नाशिक जीप चालवतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी सिन्नरलाच कॉम्प्युटरमध्ये बी.एस्सी. केलं आणि निकालानंतर महिनाभरात पंचवटीतल्या प्रकाशभाऊंच्या ऑफिसात नोकरीला लागले. रामकुंडापासून सात-आठ मिनिटांवर, पूजासाहित्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक कोठी, एवढं ते ऑफिस. नाशिकला तीर्थाला आलेल्या माणसाचं गाव, आडनाव, बरोबर कोण होतं, घरातलं आधी कोण येऊन गेलं, हे इथले उपाध्याय पिढ्यानपिढ्या चोपड्यांत लिहून ठेवतात. त्या चोपड्यांच्या पानापानाचे फोटो काढायचे, ते नीट कापून उजळायचे, गाववार लावायचे आणि उपाध्यायांना वापरायला द्यायचे, हा प्रकाशभाऊंचा व्यवसाय. फोटो काढायला जगतापभाऊ होते. पानं कापायचं आणि लावायचं काम माझ्यासारख्या तिघींकडे. आणि हे सगळे फोटो ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर साठत, तो सर्व्हर खैरनार मॅडमच्या ताब्यात. तो कोठीत ठेवला होता. कोठी पूर्वी खालच्या दुकानाची होती, त्यामुळे तिथे कायम कापराचा वास येई. मॅडमच्या साडीलाही तो यायचा.

मॅडम तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. उंच, बारीक, डाव्या मनगटावर पुरुषी स्टीलचं घड्याळ. माहेर सटाण्याकडचं. बोलणं शहरी होतं, पण एखादी गोष्ट मनासारखी चुकली की तोंडातून अहिराणी निसटायची. "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे, असं त्या स्वतःशीच म्हणायच्या. ते ऐकलं की आम्ही समजायचो, मॅडमना काहीतरी सापडलंय.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कोठीत बोलावलं. "लिनक्सवर काम केलंयस?"

"हो मॅडम. पेपर होता आम्हाला."

"पेपर होता," त्या म्हणाल्या, आणि मला काळ्या पडद्यासमोर बसवलं. कुठल्यातरी जुन्या चाचणीचा एक फोल्डर नको झाला होता, तो काढायचा होता. मला पुसायची आज्ञा येत होती. आरएम ही दोन अक्षरं आणि पुढे काय पुसायचं ते. मला ती येते हे दाखवायची घाई होती. मी भराभर टाइप केलं आणि एन्टर दाबायला बोट नेलं, तर त्या बटणावर मॅडमचा तळहात होता.

"कुठे उभी आहेस?"

"बसलेय मॅडम."

त्या हसल्या नाहीत. "खुर्चीत बसलीस ते दिसतंय मला. आत कुठे उभी आहेस? कुठल्या फोल्डरमध्ये?"

मी पडद्यावर कुठे लिहिलंय का ते शोधायला लागले.

"मग ज्या घरात उभी आहेस तेच माहीत नाही, आणि 'इथलं सगळं फेकून दे' म्हणायला निघालीस. इथे कचऱ्याची टोपली नसते हं. तुझ्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पुसलेलं टोपलीत जाऊन बसतं, परत काढता येतं. इथे पुसलं की गेलं. तो विचारणारसुद्धा नाही, खरंच पुसू का म्हणून." मग त्यांनी मला एक आज्ञा द्यायला लावली, तीन अक्षरांची, आपण कुठे उभे आहोत एवढंच सांगणारी. पडद्यावर उत्तर आलं. मी भलत्याच ठिकाणी उभी होते.

मला वाटलं, आता मॅडम प्रकाशभाऊंना सांगणार, सिन्नरच्या पोरीला काही येत नाही. मॅडमनी फक्त तळहात उचलला आणि म्हणाल्या, "आता कळलं ना? मग आता पुढचं."

पुढचं म्हणजे शोधणं. लिनक्समध्ये फाइंड नावाची एक आज्ञा आहे. अमुक ठिकाणी, अमुक नावाच्या, इतक्या दिवसांपेक्षा जुन्या फायली शोध, असं तिला सांगता येतं. शोधून लगेच पूस, असंही सांगता येतं. "सांगकाम्या आहे तो," मॅडम म्हणायच्या. "शोध म्हटलं तर शोधेल. शोधून पूस म्हटलं तर पुसेल. मालकीणबाई शुद्धीवर आहेत का हे तो बघणार नाही. म्हणून पहिल्या खेपेला कधीच पूस म्हणायचं नाही. नुसतं दाखव म्हणायचं."

आणि दाखव म्हणण्याच्याही आधी त्यांचा तो प्रश्न असायचा. "किती असतील? आधी आकडा सांग."

या आकड्यातून कुणाची सुटका नव्हती. तात्पुरत्या फायली काढायच्या असोत, अर्धवट उतरलेले फोटो काढायचे असोत, आधी तोंडाने आकडा बोलायचा, मग यादी मोजायची. आकडा जवळपास आला तर पुढे जायचं. नाही आला तर थांबायचं, आणि का नाही आला हे कळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्यानंतरही त्या यादीची पहिली दहा नावं, शेवटची दहा आणि मधली कुठलीही दहा मोठ्याने वाचायला लावत. तेवढं झालं तरी पुसायचं नाहीच. त्यांनी सर्व्हरवर ओसरी नावाचा एक फोल्डर केला होता. घरातून जायचं ते आधी ओसरीवर जाऊन बसे. दहा दिवसांत त्याची कुणाला आठवण झाली नाही तर मगच ते जाई.

प्रकाशभाऊ या ओसरीची चेष्टा करायचे. "मॅडम, तुमच्याकडे फाइल मरायची म्हटली तरी दहा दिवस लागतात. तेराव्याचंही करत जा." पुढे एकदा त्यांनीच स्वतःच्या हाताने एका गावाची तयार पानं जुनी समजून काढायला सांगितली आणि सहाव्या दिवशी पळत कोठीत आले. मॅडमनी ओसरीवरून पानं परत दिली. नुसतं विचारलं, "दिवस कितवा, भाऊ?"

माझं इंग्रजी कच्चं होतं. आज्ञांची माहिती देणारी जी पानं सर्व्हरवरच असतात, ती सगळी इंग्रजीत. ती भीतीने मी उघडली की लगेच बंद करायचे. मॅडमना ते न सांगता कळलं. त्यांनी रोज सकाळी मला त्या पानातली एकच ओळ मोठ्याने वाचायला लावली आणि ती मराठीत सांगायला लावली. एकच ओळ. दुसरी वाचू द्यायच्या नाहीत. वर्षभरात माझी भीती कधी गेली ते मला कळलंही नाही. आज मी जे काही आहे त्यातलं बरंच त्या रोजच्या एका ओळीतून आलंय. पण हे त्यांना कधी सांगायला गेले तर त्या विषय बदलायच्या.

आता जगतापभाऊंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. ते आधी लग्नांचे फोटो काढायचे. पंचवीस वर्षं तेच केलेलं. त्यामुळे चोपडीच्या पानाचेही ते तीन-तीन फोटो काढत. मॅडम म्हणायच्या, "पानाला डोळे नसतात, जगताप. मिटतील म्हणून तीनदा कशाला काढता?"

"हलतं ना पान. नवरी जशी हलती तसं हलतं. तीनातला एक तरी बरा येतो. लय अनुभवाचं बोलतोय मी."

त्या तिप्पट फोटोंनी सर्व्हर सारखा भरत यायचा. ज्या पानांचं काम पुरं झालं, त्यांचे हे कच्चे फोटो मधून मधून काढावे लागत. काम दोन महिन्यांत हमखास पुरं होई, म्हणून मॅडमनी नियम ठेवला होता, सहा महिन्यांपेक्षा जुने कच्चे फोटो तेवढे काढायचे.

त्या उन्हाळ्यात विष्णू गुरुजींच्या तीन चोपड्यांचं काम आमच्याकडे आलं. गुरुजी सत्तरीचे, बागलाणातल्या, म्हणजे सटाण्याकडच्या, गावांचे उपाध्याय. चोपडी रात्री घराबाहेर ठेवायची नाही हा त्यांचा नेम, म्हणून ते रोज सकाळी चोपडी घेऊन येत, जगतापभाऊ फोटो काढेपर्यंत समोर बसून राहत आणि संध्याकाळच्या आत परत नेत. पाच दिवसांत तिन्ही झाल्या. पानं कापायला आमच्याकडे अजून आलीही नव्हती.

आठवड्याने गुरुजी परत आले. हातात टॉवेलमध्ये बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते मॅडमच्या टेबलावर ठेवून गाठ सोडली. तिन्ही चोपड्या एकात एक चिकटून विटेसारख्या झाल्या होत्या. घरातल्या टाकीचा पाइप फुटला होता आणि कपाटामागच्या भिंतीतून पाणी झिरपत राहिलं. ते लग्नाला बाहेरगावी होते.

"उघडत नाहीत," गुरुजी म्हणाले. "सून म्हणाली उन्हात ठेवा. ठेवल्या, तर आणखी घट्ट झाल्या. तुमच्याकडे फोटो आहेत ना, बाई?"

"आहेत."

"सगळ्या पानांचे?"

मॅडम उठल्या, कोठीत गेल्या, ते फोल्डर उघडून पहिलं पान, मधलं पान, शेवटचं पान बघून आल्या. "सगळ्या पानांचे."

गुरुजींनी टॉवेलची गाठ परत बांधली. जाताना दारात थांबून म्हणाले, "माझ्या आजोबांच्या हातचं आहे त्यात. लोक येतात, आमचं कोण येऊन गेलं विचारतात. आता मी काय उघडून दाखवू?"

ते फोटो त्या वेळी फक्त त्या सर्व्हरवर होते. दुसरी प्रत ठेवायची डिस्क भरली होती, नवी यायला चार-पाच दिवस होते. जगतापभाऊंनी कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून पुढच्या कामाला घेतलं होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी सर्व्हर भरला.

दुपारचे दोन वाजले होते. त्र्यंबकहून एक उपाध्याय आले होते. त्यांच्याही चोपड्या संध्याकाळी परत जायच्या होत्या. जगतापभाऊंच्या कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं, ते रिकामं करायला सर्व्हरवर जागा नाही, आणि पाहुणे बाहेरच्या बाकावर बसून घड्याळाकडे बघतायत. प्रकाशभाऊ कोठीच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, जुनं उडवा ना पटकन."

मॅडमनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः मागे स्टुलावर बसल्या. मी कच्च्या फोटोंच्या फोल्डरमध्ये गेले, आपण तिथेच उभे आहोत हे बघून घेतलं. मग म्हटलं, "मॅडम, ओसरीवर हलवू?"

"ओसरी याच डिस्कवर आहे. इकडून तिकडे बसवलं तर जागा कशी होईल? आज ओसरी नाही. आज थेट जाणार." मग त्या म्हणाल्या, "म्हणून आज जास्त जपून."

मला मात्र काळजी नव्हती. गुरुजींचे फोटो मनात होतेच, पण ते तर जेमतेम दोन आठवड्यांपूर्वीचे. आम्ही सहा महिन्यांपूर्वीचे काढणार होतो. त्यांना धक्का लागायचा प्रश्नच नव्हता.

"आकडा सांग."

"चार हजार."

"माझा बेचाळीसशे. मोज."

मी शोधायला सांगितलं, नुसतं दाखव म्हणून, आणि यादी मोजायला लावली. आकडा आला पाच हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी.

"हाई काय शे?" मॅडम म्हणाल्या.

मागून प्रकाशभाऊ म्हणाले, "अहो, जगतापचे फोटो आहेत, तीनाच्या जागी चार काढले असतील. उडव गं रूपाली. पाहुणे बसलेत."

खरं सांगायचं तर मीही उडवले असते. आपला अंदाज चुकला असेल, असंच मला वाटलं. माझं गणित तसंही कच्चं. मी यादीवरून डोळे फिरवले. चोपडीचा क्रमांक आणि कॅमेऱ्याने दिलेला फोटोचा क्रमांक, हजारो ओळी, सगळ्या एकसारख्या. त्यात डोळ्यांना खटकावं असं काही नव्हतं. मी मागे वळून मॅडमकडे बघितलं.

मला वाटलं होतं त्या घाबरलेल्या असतील, निदान गंभीर. पण तो मटार सोलतानाचा चेहरा होता. त्या स्टूल ओढत पुढे आल्या.

"भाऊ, पाहुण्यांना चहा सांगा."

"मॅडम, दोनदा झाला चहा."

"मग तिसरा सांगा. आपल्याकडे सगळं तीनदा होतं." आणि मला, "तारखेप्रमाणे लाव."

मी यादी तारखेप्रमाणे लावली. सर्वांत वर, सगळ्यांत जुन्या म्हणून, ओळींच्या ओळी एकाच दिवसाच्या. एक जानेवारी. आणि वर्ष असं, की तेव्हा मी शाळेत होते आणि प्रकाशभाऊंचं ऑफिस निघालंही नव्हतं.

"किती आहेत त्या दिवशी?"

"चौदाशे ब्याऐंशी."

"वेळ बघ."

रात्रीचे बारा वाजून चार मिनिटं. बारा सहा. बारा सात.

"नवीन वर्षाच्या मध्यरात्री, जे ऑफिस नाही त्यात बसून, जगतापनं चौदाशे फोटो काढले," मॅडम म्हणाल्या. "नऊला झोपणारा माणूस. तीनने भागून बघ गं."

चारशे चौऱ्याण्णव. पूर्ण भाग गेला.

"आहेत जगतापचेच. आता एक उघड."

मी एक फोटो उघडला. पिवळट पान, काळ्या शाईतलं दाट अक्षर, आणि वर गावाचं नाव. मॅडम पुढे वाकल्या. "ही आमच्याकडची गावं," त्या हळूच म्हणाल्या. "हे विष्णू गुरुजींचं आहे."

प्रकाशभाऊ दारातून आत आले. माझा उजवा हात कीबोर्डवर होता तो मी मांडीवर घेतला. माझ्या एका एन्टरवर ती चारशे चौऱ्याण्णव पानं गेली असती. टॉवेलमधली वीट तेवढी उरली असती. आणि गुरुजींनी विचारलं असतं, आहेत ना?

मॅडमनी आधी प्रकाशभाऊंचा पेनड्राइव्ह मागितला. "यात गाणी आहेत," ते म्हणाले. "असू देत गाणी, जागा किती आहे?" त्यावर एक प्रत, माझ्या पेनड्राइव्हवर एक प्रत. दोन्हीकडे मोजून चौदाशे ब्याऐंशी आहेत ना, ते बघितलं. मग ती तारीख वगळून पुन्हा शोधायला लावलं. "आकडा?"

"चार हजार दोनशे सहा."

"मोज."

चार हजार दोनशे सहा. त्यांनी पहिली दहा, मधली दहा, शेवटची दहा वाचून घेतली. प्रकाशभाऊ उभ्याने ऐकत होते, घाई करत नव्हते. मग मॅडम म्हणाल्या, "आता पूस."

मला वाटलं, आता जगतापभाऊंची खैर नाही. त्यांना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "दाखवा बरं तुमचा कॅमेरा."

चांगला कॅमेरा दुरुस्तीला गेला होता म्हणून गेले दोन आठवडे ते आपला जुना लग्नातला कॅमेरा वापरत होते. रोज संध्याकाळी त्याची बॅटरी काढून ते घरी न्यायचे. "एका हळदीला बॅटरी आतच फुगली होती मॅडम. तवापासून मी आत ठेवतच नाय."

"आणि सकाळी घातली की कॅमेरा काही विचारतो?"

"विचारतो ना. तारीख टाका म्हणतो. मी ओके दाबतो. त्याला कशाला पाहिजे तारीख? फोटो काढायचाय, मुहूर्त थोडाच काढायचाय."

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. कॅमेऱ्याच्या आत घड्याळापुरता एक छोटा सेल असतो, तो मेला होता. त्यामुळे बॅटरी काढली की कॅमेऱ्याला दिवस आठवत नसे. तो रोज सकाळी आपला जन्म झाला त्या वर्षाच्या एक जानेवारीला उठायचा. फोटो सर्व्हरवर येताना तीच तारीख घेऊन आले. म्हणजे पंधरा दिवसांचे फोटो कित्येक वर्षांचे म्हातारे दिसत होते. मॅडमनी तो कॅमेरा चार वेळा बंद-चालू करून बघितला. प्रत्येक वेळी एक जानेवारी आलं की त्यांना आनंद व्हायचा. जगतापभाऊंना रागावायचं राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चालत निघाले. मला द्वारका चौकात जीप पकडायची होती, त्यांना त्याच बाजूला जायचं होतं. मी न राहवून विचारलं, "मॅडम, हे आकडा आधी सांगायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्या म्हणाल्या, "भामरे म्हणून होते. इथल्याच अंबडच्या एका कारखान्यात. मी तिथे नोकरीला होते, तुझ्याएवढी. भामरे तिथे मापं घ्यायचे. प्रत्येक सुट्या भागाचं माप घेऊन टाइप करून ठेवायचे, सहा वर्षांच्या फायली. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना हौस. मला काही तात्पुरत्या फायली काढायच्या होत्या. मी फाइंडला लिहिताना 'पूस' आधी लिहिलं आणि 'अमुक नावाच्या' नंतर लिहिलं. तो ओळ जशी येईल तशी पाळत जातो. समोर आली फाइल, पहिला शब्द पूस, पुसली. नाव बघायची पाळी नंतर. मी नंतर काय लिहिलंय त्याला काही अर्थच उरला नव्हता."

"सगळं गेलं?"

"मी जिथे उभी होते तिथलं सगळं. भामरेंचं त्यातच होतं. दुसरी प्रत कुणी ठेवलेली नव्हती."

"ते रागावले?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या महिन्यात रिटायर होणार होते. ते माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि म्हणाले, किती होत्या?" समोरून रिक्षा जाईपर्यंत आम्ही दोघी कडेला उभ्या राहिलो. "मला सांगता आलं नाही, रूपाली. माणसाचं सहा वर्षांचं काम मी घालवलं आणि ते किती होतं तेही मला माहीत नव्हतं. मी मोजलंच नव्हतं ना."

द्वारकेला माझ्या वडिलांचीच जीप लागली होती. मॅडमनी जीपमध्ये डोकावून वडिलांना नमस्कार केला आणि विचारलं, "आज किती सीट मिळतील म्हणता?"

वडील म्हणाले, "अकरा."

"मला तेरा वाटतात," म्हणून त्या निघून गेल्या. तेराच झाली. वडील अजून त्यांची आठवण काढतात ती तेवढ्यावरूनच.

पुढच्या वर्षी मॅडमनी नोकरी सोडली. सटाण्याला आई एकटी होती, तिच्याजवळ राहायचं त्यांनी ठरवलं. शेवटच्या दिवशी ऑफिसात समोसे आणले होते, प्रकाशभाऊ चार शब्द बोलले, जगतापभाऊंनी मॅडमचे तीन फोटो काढले. चार वाजता मॅडम मला म्हणाल्या, "चल, एक काम राहिलंय."

विष्णू गुरुजींची पानं तोवर तयार होऊन छापून बांधून आली होती. तीन जाड बाइंडिंग. ती त्यांच्या घरी पोचवायची होती. माणूस पाठवता आला असता, पण ते काम मॅडमनी स्वतःकडे ठेवलं होतं. आम्ही दोघी ती घेऊन घाटामागच्या गल्लीत गुरुजींच्या घरी गेलो. कपाट आता दुसऱ्या भिंतीला होतं. ती वीट त्यांनी टाकली नव्हती. टॉवेलसकट वरच्या फळीवर ठेवली होती.

गुरुजींनी पहिलं बाइंडिंग मांडीवर घेऊन उघडलं, आजोबांच्या अक्षरावरून बोट फिरवलं. बराच वेळ ते पानं उलटत राहिले. मग चष्मा सारखा करून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही बागलाणातल्या ना? गाव कुठलं? माहेरचं आडनाव?"

वर्षभर ती पानं मॅडमच्या ताब्यात होती. एका शोधाचं काम होतं. पण त्यांनी स्वतःचं गाव कधी उघडलं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, लोकांच्या चोपड्या आहेत, त्यांनी उघडून दाखवल्या तर बघायच्या.

त्यांनी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. गुरुजी दुसरं बाइंडिंग घेऊन पानं चाळू लागले.

"रूपाली, आकडा सांग," मॅडम म्हणाल्या.

"मला काय माहीत मॅडम, तुमच्या घरचं?"

"म्हणून तर." त्या जमिनीवर गुडघे टेकून पुढे सरकल्या. "मी तीन म्हणते. आजोबा, वडील, काका. एवढेच आले असतील."

गुरुजींना पान सापडलं. त्यांनी ते मॅडमकडे वळवून धरलं. त्या वाकल्या, आणि एकेक नाव बोटाने मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. मग बोट खाली सरकलं आणि थांबलं. तिथे वडिलांच्या नावाखाली आणखी एक नाव होतं, एका मुलीचं, वय वर्षे चार. मॅडमचं नव्हतं.

"ही कोण?" गुरुजींनी विचारलं.

मॅडमनी मान हलवली. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ते नाव एकदा मोठ्याने वाचलं आणि एकदा मनात. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. शेंग सोलून सहा दाणे निघाले की दिसायचा तोच चेहरा, फक्त डोळे भरलेले.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "आईला विचारायला हवं." आणि त्या पुन्हा पानावर वाकल्या.